सातच्या गाडीचा डबा

हे मी लिहावं का, याची माझी मलाच खात्री नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याआधी आमच्याबद्दल कागदावर जे काही लिहिलं गेलं ते तलाठ्याने लिहिलं, नाहीतर ग्रामसेवकाने. मी एस. वाय. बी. ए.ला आहे. परीक्षेत निबंध लिहितो, तेवढाच सराव. ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय तो हयात आहे आणि मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, "लिवून काय भाकर फुगती का?" तेव्हा आधीच सगळ्यांची माफी मागून ठेवतो. आणखी एक. आमचे मराठीचे सर सांगतात की रागात लिहू नये, राग शांत झाल्यावर लिहावं. मी बरेच महिने थांबलो. शांत झाला नाही.

आजिनाथमामा माझे नात्याने कोणी नव्हते. मी पाथर्डी तालुक्यातला, तेही तिकडचेच, एवढाच संबंध. मी नगरला कॉलेजला आलो तेव्हा होस्टेलला नंबर लागला नाही. एमआयडीसीच्या मागे पत्र्याच्या पाच खोल्यांची एक लाईन होती. खोलीमालक म्हणाला, "शेवटच्या खोलीत एक माणूस आहे, अर्धी खोली मिळेल. दारू नाही, तंबाखू नाही. फक्त तोंड फार वाईट आहे."

मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो. आत पन्नाशीला टेकलेला, काटकुळा माणूस लसूण सोलत बसला होता. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक पांढरे वण होते, उसाच्या पात्यांनी कापल्याचे. वर न बघता त्याने विचारलं, "स्वैपाक येतो?"

"नाही."

"मग काय येतं?"

मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणालो, "बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडलेत."

"मग त्येच लाव भाकरीला," मामा म्हणाले आणि लसणाची एक गड्डी माझ्याकडे फेकली.

एका कंपनीत मालाची लाकडी खोकी ठोकायचं काम ते करायचे. कामाला साडेआठला पोचायचं, पण उठायचे पाचला. एक गॅस, एक तवा, एक कढई आणि एक छोटा कुकर, एवढ्यावर सहापर्यंत त्यांचे दोन डबे तयार असत. एक स्वतःचा. दुसऱ्याबद्दल मी पहिल्या आठवड्यात विचारलं तेव्हा म्हणाले, "एकाला द्यायचा आसतो." कंपनीत कोणी एकटा माणूस असेल असं मी समजलो.

त्या डब्यांत सलग दोन दिवस एक पदार्थ कधी आला नाही. आज दोडक्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी, तर उद्या कांद्याची पात पीठ पेरून. परवा मुगाची खिचडी, तेरवा मेथीचं थालीपीठ. थंडीत हुलग्याचे शेंगोळे. कंटाळा आला किंवा गॅस संपला तर डांगर, म्हणजे भाजलेल्या उडदाच्या पिठात दही, कांदा आणि हिरवी मिरची कालवायची, शिजवायचं काहीच नाही. दूर जाणाऱ्या डब्याला भाकरी न देता दशमी द्यायची, कारण दुधात पीठ मळलं की ती संध्याकाळपर्यंत वातड होत नाही. रविवारी दुपारी दाण्याचं कूट, कारळ्याची चटणी आणि कपड्यात बांधलेली मटकी असं तीन गोष्टींचं करून ठेवलं की आठवडा निघतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा रागावून सांगितलंय की ते आता मला पाढ्यासारखं येतं. साध्या वेळीही ते रागावूनच सांगायचे. "मीठ बघ" हेसुद्धा भांडल्यासारखं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. लोक त्यावर दुधाचं लिहितात. मामा रोजच्या चौकोनात पदार्थाचं पहिलं अक्षर लिहायचे, 'दो', 'खि', 'शें'. संध्याकाळी त्याच्यावर पेनाने एक फुली मारायचे. मला वाटायचं, झालं म्हणून फुली.

आता स्टँडचं सांगायला हवं. आमच्या भागात गावाकडची पोरं शिकायला शहरात आली की घरून त्यांचा डबा एसटीने येतो. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे डबे रचलेले असतात, प्रत्येकावर पोराचं नाव. गाडी माळीवाडा स्टँडला लागली की कंडक्टर ते भिंतीच्या कडेला मांडतो. पोरं आपापला उचलतात आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत पाठवतात. माझाही यायचा. सकाळी कॉलेज, मग स्टँडवरून डबा, मग झेरॉक्सच्या दुकानात काम आणि तिथेच जेवण.

मामा संध्याकाळी कंपनीतून थेट स्टँडवर यायचे. पाथर्डीच्या गाडीने त्यांचाही एक डबा यायचा. रुमालात बांधलेला, जड. मला वाटे, गावाकडून मामी पाठवत असतील. खोलीवर आल्यावर मामा तो उघडून गुपचूप जेवायचे आणि मलाही वाढायचे.

एका संध्याकाळी मी माझा डबा परत गाडीत ठेवत होतो. मामांनी तो माझ्या हातातून घेतला आणि उघडला. आत अर्धी मटकी, दोन चपात्या आणि वास.

"ह्यो कोन धुनार?"

"आई धुते की घरी."

"आन ह्ये टाकलंस का?"

"रोज रोज तेच असतं, मामा."

मामांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता थोबाडीत बसणार. त्यांनी माझा हात धरून नळावर नेलं आणि शंभर माणसांदेखत माझ्याकडून डबा घासून घेतला. मग परत भिंतीपाशी आले. परत जायचे सात डबे तिथे होते. एकेक उघडून पाहिला. सातही खरकटे.

"आयांनी चारला उठून भरायचे, आन तुमी घान करून माघारी लावायचे? सकाळपासून आंबलेलं त्या बाईनं दिवसभर कांदं काढून आल्यावर उघडायचं? हात झडले का रं तुमचे?"

एक पोरगा हसत म्हणाला, "आमच्या आया धुतात, मामा. तुमचं काय जातंय?"

मामा उकिडवे बसले आणि सातही डबे स्वतः धुतले, एकेका डब्यावरचं नाव मोठ्याने वाचत आणि प्रत्येक नावाला एक शिवी घालत. गाडी पाच मिनिटं थांबली. कंडक्टर गर्जेकाका घंटीच्या दोरीला हात लावून उभे होते, पण त्यांनी घंटी दिली नाही. पोरं मोबाईलमध्ये व्हिडिओ काढत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम पाहिलं. सातही डबे पुन्हा खरकटे होते. तो दिवस आठवला की माझी अजून कानशिलं तापतात.

दुसरी गोष्ट मला संतोषने सांगितली. संतोष शेजारच्या खोलीत राहायचा आणि मामांच्याच कंपनीत होता. स्वतः स्वयंपाक करतो म्हणून तिथली माणसं मामांना 'आजिनाथबाई' म्हणायची. जेवायच्या सुट्टीत एकाने टोमणा मारला, "काय आजिनाथबाई, आज काय केलं मालकांसाठी?" सगळे हसले. मामांनी आपला डबा मधोमध ठेवला. वांग्याचं भरीत होतं त्या दिवशी.

"तुजी बायको आज काय जेवली, सांग. बरोबर सांगितलंस तर ह्यो डबा तुजा."

"जेवली असंल भाकरी-कालवण."

"लाव फोन."

त्याने लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणाला, "अगं, काय जेवलीस?" पलीकडून आवाज आला, "दुपारच्यालाच ढोसली का काय?"

सगळे पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. म्हणाले, "बायकोला जेवलीस का इचारलं तर मानूस पिऊन आलाय असं तिला वाटतं. हसा आजून." त्या दिवसापासून पैजच लागली. जो बरोबर सांगेल त्याला मामांचा डबा. संतोष म्हणतो, त्यानंतर आजवर एकालाही तो डबा मिळालेला नाही, आणि माणसं चाळीसच्या वर आहेत.

मला त्या वेळी मामांचा फार अभिमान वाटला. वाटलं, असा माणूस मी पाहिला नाही. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढे जे कळलं त्याने मी पुरता आडवा झालो.

दिवाळीनंतर मामांना ताप भरला. तरी पहाटे उठून त्यांनी दशमी आणि तीळ घालून दोडका केला. डबा रुमालात बांधला आणि माझ्याकडे दिला. "सातच्या पाथर्डी गाडीला दे. गर्जेला म्हनावं, फाट्यावरच्या टपरीवर." मी तो घेऊन गेलो. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की दुसरा डबा कंपनीत जात नव्हता. तो रोज पाथर्डीच्या गाडीने जात होता.

संध्याकाळी त्यांचा नेहमीचा डबा घ्यायलाही मीच गेलो. गर्जेकाकांनी हातात दिला. तोच रुमाल. सकाळी मी घाईत मारलेली दुसरी गाठ तशीच. तेवढाच जड.

खोलीवर येऊन मी तो मामांच्या पुढ्यात ठेवला. "हा तर सकाळचाच आहे, मामा."

मामांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "फुली मार."

मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी सांगितलं.

"कारखान्यावर ऊसतोडीला गेल्तो आमी. कोयता व्हता आमचा, मी आन ती, जोडी. ती तीनला उठायची. भाकरी थापायची, ठेचा वाटायची, डबा बांधून माज्याबरूबर फडात यायची. डबा एकच. आदी मी जेवायचो, मग ती. एक दिस उघडला. भाकर आन ठेचा. काल त्येच, परवा त्येच. म्हनलं, रोज रोज ह्येच घालतीस व्हय गं माज्या पुढ्यात? आन फेकला."

"कुठे?"

"फडात. पाचटात."

"मग?"

"मग काय. तिनं भाकरी हुडकल्या. पाचट झटकलं आन बसली खात. तिचं जेवान बी त्याच्यातच व्हतं ना."

मी त्या दिवसाच्या चौकोनात फुली मारली.

"हंगाम सरला. टोळी माघारी निघाली. तिच्या भावाच्या गावचा फाटा आला तशी ट्रॅक्टरवाल्याला म्हनली, थांब. बोचकं घेतलं न् उतरली. एक सबूद न्हाई. आता तितंच शाळेत खिचडी करती पोरांची. दीडशे पोरांची. आन घरी जाऊन काय खाती, द्येव जाने."

"म्हणून तुम्ही रोज वेगळं करता?"

"तिला काय आवडतं त्ये मला ठावं न्हाई," मामा म्हणाले. "सव्वीस वरसं नांदली. मी कदी इचारलंच न्हाई. आता कोनाला इचारू? टपरीवाला डबा रोज तिच्यापातूर पोचवतो, एकेक करून बघतोय. ज्याला झाकन उघडंल, त्ये."

दोन वर्षं तो डबा जात होता आणि संध्याकाळी न उघडता परत येत होता. तोच मामा रात्री खात होते आणि मला वाढत होते. मी इतके महिने एका बाईने नाकारलेलं अन्न चवीने खात होतो.

मला मामांची दया यायला हवी होती. सरांनी विचारलं तर मी तसंच लिहीन. पण मला राग आला. स्टँडवर सात पोरांना शिव्या घालणारा हा माणूस, आणि याने बायकोचं अन्न फेकलं होतं! सव्वीस वर्षं एका ताटापलीकडे बसलेल्या माणसाला काय आवडतं, हे न कळण्यासाठी किती मेहनत घ्यावी लागत असेल? मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते रात्री मला वाढत राहिले. मी न जेवता झोपत राहिलो.

पाचव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आईचा डबा समोर होता. मी फोन लावला.

"आई, तू आज दुपारी काय जेवलीस?"

"का रं? बरा हाईस ना?"

"बरा आहे. सांग ना."

"जेवले की."

"पण काय?"

"आता काय ध्यानात ऱ्हातंय का? कांदं काढाया गेल्ते." मग घाबरल्यासारखी म्हणाली, "मटकी आवडली न्हाई का रं तुला?"

फोन ठेवल्यावर मला मामांवर रागवायचा अधिकार उरला नाही, पण राग काही गेला नाही. तो घरभर झाला. वडिलांवर गेला, स्टँडवरच्या पोरांवर गेला, माझ्यावर आला आणि तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी मी मामांना म्हणालो, "मला शिकवा." ते म्हणाले, "आदी हात धू." महिन्याभरात मला थालीपीठ, खिचडी, पीठ पेरून भाजी आणि कसाबसा झुणका येऊ लागला. भाकरीचे नकाशे व्हायचे. मामा ते उजेडात धरून बघायचे आणि "ह्यो कोनता तालुका?" म्हणायचे. मी आईला डबा बंद करायला सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलं. "माज्या हातचं विटलं व्हय?" म्हणाली. तिला समजवायला मला दोन फोन आणि एक गावाकडची चक्कर लागली, आणि अजूनही तिला ते नीट पटलेलं नाही. हे काम मामांच्या डब्याइतकंच अवघड आहे, एवढं मला कळलंय.

एकदा मी विचारलं होतं, "मामा, स्वतः जाऊन का विचारत नाही तिकडे?"

"गेलो तर तिला च्या करावा लागंल," मामा म्हणाले. "पाव्हना आला म्हनून. आजून एक कप तिच्या हातचा? न्हाई."

दुसऱ्या वर्षाला मला होस्टेल मिळालं. निघालो त्या सकाळी बॅग घेऊन मी मामांबरोबर स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. मामांनी डबा खिडकीतून गर्जेकाकांकडे दिला आणि रोजच्यासारखं बजावलं, "आडवा ठिवू नको."

"आज काय आहे?" मी विचारलं.

"डांगर."

"खातील का मामी?"

"न खाऊ दे," ते माझ्यावरच ओरडले. "तिचा हक हाय. मी काय मेहेरबानी करतो का?"

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच उभे होते. मग मनगटावरचं घड्याळ बघून, साडेआठ गाठायचे म्हणून झपाझप निघून गेले. मला 'नीट राहा' वगैरे काही म्हणाले नाहीत. मागेही वळले नाहीत. शर्टाच्या पाठीवर पिठाचा एक हात उमटलेला होता, तो सांगायचा राहिला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

नंतर कॉलेज, काम, परीक्षा. मी त्यांच्याकडे गेलो नाही. का गेलो नाही याला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही.

मागच्या आठवड्यात गावाकडे जायला स्टँडवर उभा होतो, तर गर्जेकाकांनीच हाक मारली.

"अरं, तुज्या मामाचं कळलं का?"

मी बॅग खाली ठेवली. "काय झालं?"

"परवा फाट्यावर टपरीवाल्यानं डबा दिला. हातात घेतला तर हलका. म्हनलं सांडला का काय. हितं आल्यावर आजिनाथच्या हातात दिला. त्याला वजन कळलं, तशी त्यानं फतकल मारली त्या कठड्यावर. किती तरी येळ उघडंच ना. मीच म्हनलं, अरं उघड की."

"मग?"

"उघडला. रिकामा. कडंला पिवळं पिवळं लागलेलं, पिठलं आसंल. वास सुटलेला. धुतला नव्हता बाईनं. खाल्लं, झाकन लावलं आन दिला तसाच धाडून. खरकटा."

"मामा काय म्हणाले?"

"काय न्हाई. गेला नळावर आन बसला धूत. डबा लख्ख झाला तरी घासतोयच. मी म्हनलं, आजिनाथ, बास की आता, ऊठ. तर माज्यावरच खेकसला, तुजी गाडी सुटंल, तू जा."